एका खोलीचं एक कार्ड

सपनाला त्या कोर्सबद्दल सांगितलं कुणी, तर अर्चनानेच. हे आठवलं की अर्चना नव्याने जळायची, आणि तीन वर्षं ते तिला रोज आठवत होतं. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर त्या माणसाला शिव्या घालून मोकळं होता आलं असतं. इथे शिव्या घालायच्या तर आरशासमोर उभं राहून.

बोईसरला सहवेदना आरोग्य मंडळ नावाच्या ट्रस्टचा दवाखाना आहे. कारखान्यांतले कंत्राटी कामगार हे त्याचे मुख्य पेशंट, आणि आठवड्यातून दोनदा त्याची जीप डोंगरपट्टीतल्या पाड्यांवर जाते. अर्चना तिथे रेकॉर्ड विभागाची प्रमुख. प्रमुख म्हणजे फार काही समजू नका. खिडकीत बसायचं, कार्डं काढायची, कोण कशासाठी आलं ते कॉम्प्युटरमध्ये भरायचं, आणि हाताखाली माणूस एकही नाही. ती मूळची कराडकडची, मायक्रोबायॉलॉजीची बी.एस्सी. नवरा कैलास तारापूरच्या कारखान्यात शिफ्टला लागला म्हणून इकडे आली आणि अकरा वर्षं त्या खिडकीत बसली. सपना त्या जीपवरची नर्स. विक्रमगडच्या पुढच्या एका पाड्यावरची पोरगी, नाशिकला नर्सिंगची पदवी घेतलेली, उमरोळीला खोली भाड्याने घेऊन राहणारी. अर्चनाहून बारा वर्षांनी लहान. अर्चनाला ती पहिल्या दिवसापासून ताई म्हणायची आणि डबा तिच्याच टेबलावर उघडायची.

कोर्स होता एपिडेमिऑलॉजीचा. रोग कुणाला होतो, कुठे होतो, कधी होतो आणि का होतो, याचा छडा लावणारं शास्त्र. परदेशातलं विद्यापीठ, पण घरी बसून शिकायचं, आणि गरीब देशांत प्रत्यक्ष कामावर असलेल्या काही जणांना फी माफ. अर्चनाने ती जाहिरात एका मेलमध्ये पाहिली आणि तिला वाटलं, हे आपल्यासाठीच आहे. आठ वर्षांची माहिती आपल्या बोटांखालून गेली, आपल्याशिवाय कोण? पण एकटीने फॉर्म भरायला कसंतरीच वाटतं, म्हणून तिने सपनाला ओढलं.

"माझं नाय होणार, ताई," सपना म्हणाली. "तुमचंच होईल."

"भर तरी. सोबतीला," अर्चना म्हणाली. आणि मनात म्हणाली, हो, माझंच होईल.

फॉर्मबरोबर एक निबंध लिहायचा होता. तुम्हाला हे का शिकायचं आहे? अर्चनाने दोन पानं लिहिली. आपला अनुभव, आपली चिकाटी, जिल्ह्याच्या कार्यक्रमात मिळालेलं प्रशस्तिपत्र. सपनाने पाऊण पान लिहिलं, की आमच्या पाड्यावरची माणसं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात, होळीला परत येतात, आणि आल्यावर पंधरा दिवसांत पोरांना जुलाब लागतात, दरवर्षी. ती भट्टीवरून काय घेऊन येतात ते मला शोधायचं आहे.

अर्चना वाचून हसली होती. "अगं, स्वतःबद्दल लिही काहीतरी."

"स्वतःबद्दल काय लिहू? माझ्याकडं हा एकच प्रश्न हाय."

त्या पाऊण पानाचं इंग्रजी अर्चनाने सुधारून दिलं. क्रियापदं सरळ केली, स्वल्पविराम टाकले. मोठ्या मनाने, बरं का. ज्याच्याकडून हरायची भीती नसते त्याच्याशी माणूस फार मोठ्या मनाने वागतो.

उत्तरं एकाच दुपारी आली, डबा खाताना. अर्चनाच्या मेलमध्ये दुसऱ्याच ओळीत खेद होता. सपनाने आपला मेल तीनदा वाचला, मग फोन अर्चनापुढे धरून विचारलं, "ताई, यात हो म्हणतायत ना?" हो म्हणत होते. फीसुद्धा माफ.

अर्चना अभिनंदन म्हणाली, उठली आणि औषधांच्या खोलीत जाऊन सलाईनचे खोके मोजायला लागली. खोके सकाळीच मोजून झाले होते. राखीव जागा होती म्हणून मिळालं, असं म्हणून मनाची समजूत घालायची सोय असते लोकांना. अर्चनानेही ती चाचपून पाहिली, खोटं कशाला बोला. पण त्या विद्यापीठाला सपनाची जात ठाऊक नव्हती, अर्चनाचीही नव्हती. त्यांनी दोन निबंध शेजारी ठेवले आणि त्यातला एक निवडला. ही सोयही गेल्यावर उरला तो नुसता जळफळाट.

तो तीन वर्षं पुरला, कारण सपना शिकायची कुठे, तर अर्चनाच्या डोळ्यांदेखत. दवाखान्यात इंटरनेट धड चालायचं ते एका रेकॉर्डच्या खोलीतच. आठवड्यातून दोनदा संध्याकाळी साडेसहाला तिचा ऑनलाइन वर्ग असायचा, आणि खोलीला कुलूप लावायची जबाबदारी अर्चनाची. म्हणजे तास संपेपर्यंत बसून राहणं आलं. अर्चना फायली लावत बसायची आणि पडद्यावरचा गोरा मास्तर शिकवायचा. सपनाचं इंग्रजी अडखळत चालायचं, खडकाळ वाटेवरच्या जीपसारखं. पण ती मध्येच असा काही प्रश्न विचारायची, की मास्तर म्हणायचा, चांगला प्रश्न आहे. त्या तीन शब्दांची अर्चनाला इतकी चीड बसली, की घरी टीव्हीवर कुणी ते म्हटलं तरी ती आवाज बंद करायची.

आणि गंमत अशी, की तिलाही ते सगळं समजत होतं. मास्तर गणित घालायचा आणि अर्चना फाईलच्या मागच्या कोऱ्या बाजूला ते सोडवायची. उत्तर बरोबर यायचं, कधीकधी सपनाच्या आधी. एका गटाला रोग झाला आणि दुसऱ्याला झाला नाही, तर खरंच फरक कशाचा? गोळा केलेली माहितीच वाकडी असेल तर ती कशी ओळखायची? हे तिला आतून कळत होतं. येत नसतं तर तिने कधीच नाद सोडला असता. येत होतं, हेच दुखणं होतं.

घरीही सुटका नव्हती. मुलगी स्वरा दहावीला. संख्याशास्त्राचा धडा अडला तेव्हा पोरगी दवाखान्यात येऊन सपनाशेजारी बसली आणि तासाभराने हसत बाहेर आली. "किती सोपं करून सांगते गं सपनाताई."

"मला विचारलं असतंस तर मीही सांगितलं असतं."

"तू चिडतेस," स्वरा म्हणाली. कैलास जेवता जेवता हसला. अर्चनाने त्याच्या पानात दुसरी भाकरी वाढली नाही.

दुसऱ्या वर्षी तिने एक हलकटपणा केला. सपनाच्या परीक्षेच्या आठवड्यात डोंगरातल्या शिबिराची तारीख लावली. तारखा ठरवणं तिच्याच हातात होतं आणि कारण विचारणारं कुणी नव्हतं. सपना नुसतं बरं म्हणाली. शिबिर करून मनोरला उतरली, एका सायबरवाल्याच्या दुकानात बसून पेपर दिला, आणि त्यातही वरच्या श्रेणीत आली. परत येताना अर्चनासाठी करटोली घेऊन आली, ताईंना आवडतात म्हणून. अर्चनाने ती भाजी केली आणि एकटीनेच खाल्ली.

तिसऱ्या वर्षी प्रबंध लिहायचा होता. वीटभट्टीचा विषय एका वर्षात होणारा नव्हता, म्हणून सपनाने दवाखान्याची माहिती घेतली. बोईसरचे कामगार जुलाब आणि तापाने पुन्हापुन्हा आजारी का पडतात? डॉक्टर विजया, म्हणजे मंडळाच्या संचालक, त्यांनी परवानगी दिली. अट एकच, नावं द्यायची नाहीत, कार्डाचे नंबर द्यायचे. अर्चनाने पाच वर्षांच्या नोंदी काढून दिल्या. कार्ड नंबर, कार्डावरचं वय, पुरुष की बाई, तारीख, आजार.

महिनाभराने सपना लॅपटॉप घेऊन आली. "ताई, मसुदा झालाय. तुमी एकदा वाचता? इंग्रजी नाय, मजकूरच बघा. खिडकीत तुमीच बसता."

अर्चनाने पहिलं पान वाचलं आणि तिला सगळं दिसलं.

आता हे नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं यावर आहे. संध्याकाळी शिफ्ट सुटली की खिडकीपुढे चाळीस-पन्नास माणसं उभी राहायची. नवीन कार्ड काढायचं म्हणजे फोटो, आधार, फॉर्म, माणसामागे दहा मिनिटं. कामगार राहतात एका पत्र्याच्या खोलीत सहा, आठ, दहा जण. आज एक आहे, सहा महिन्यांनी तो गावी आणि त्याच्या जागी त्याचा मेव्हणा. किती कार्डं काढणार? म्हणून अर्चनाने सात वर्षांपूर्वी आपली एक युक्ती काढली होती. खोलीतल्या एकाच्या नावाने कार्ड काढायचं आणि आजारी पडेल त्याने तेच घेऊन यायचं. "खोलीचं कार्ड आण," एवढं म्हटलं की काम झालं. डॉक्टर औषध देताना माणूस बघायचे, वय विचारायचे, त्यामुळे उपचारात चूक होत नव्हती. रांग हलायची. विजया मॅडमना वाटायचं, अर्चनाचा हात भारी चालतो. ही युक्ती कुठे लिहिलेली नव्हती. जीपवरच्या सपनाला ती ठाऊक असायचं कारण नव्हतं, पाड्यांवर माणशी एक कार्ड होतं.

आणि सपनाच्या मसुद्यात काय होतं? तीन हजार कार्डांपैकी एकशे बेचाळीस कार्डं अशी, की सगळ्या आजारपणांतला तिसरा हिस्सा त्यांच्यावरच. ही थोडीच माणसं वर्षाला दहा, बारा, सतरा वेळा आजारी पडतात. बहुतेक यांची प्रकृतीच नाजूक आहे, बहुतेक जुनं कुपोषण आहे, यांना शोधून तपासायला हवं. आलेख सुंदर होते. गणित अचूक होतं. फक्त ती एकशे बेचाळीस माणसं नव्हती, त्या एकशे बेचाळीस खोल्या होत्या.

अर्चनाने तोंड उघडलं. खरंच उघडलं. शब्द जिभेवर होते, अगं सपना, हे चुकतंय.

"सर म्हणाले," सपना आनंदाने म्हणाली, "असं काम त्यांनी लई वर्षांत बघितलं नाय."

अर्चनाचं तोंड मिटलं. लॅपटॉप तिने परत सरकवला. "छान झालंय," ती म्हणाली.

त्या रात्री तिला झोप लागली असं नाही, पण बरं वाटत होतं हे खरं. अकरा वर्षांची खिडकी आता तिच्या बाजूने उभी होती. आपण काही केलेलं नाही, आपण फक्त काही बोललो नाही. परीक्षकांना कळलं तर कळेल, नाही कळलं तर ती खोट्या कामावर पदवी घेईल आणि ते आपल्याला ठाऊक असेल. दोन्हीकडून आपलंच समाधान. शिवाय बोललो तर पहिला प्रश्न येणार, एका कार्डावर दहा माणसं कुणी घातली? म्हणजे भीतीही होती. पण भीती नंतर सुचली. आधी सुचला तो आनंद.

सांगायची दुसरी संधी पंधरा दिवसांनी आली. विजया मॅडमनी मंडळाच्या विश्वस्तांपुढे सपनाला बोलवलं. विश्वस्तांमध्ये एक कामगार पुरवणारा मोठा ठेकेदार होता. त्याने फार कौतुकाने ऐकलं आणि म्हणाला, या एकशे बेचाळीस जणांची नावं द्या, आमच्याकडचे असतील त्यांची आम्ही खास तपासणी करून घेतो. सपना म्हणाली, नावं द्यायची नाहीत असं ठरलंय. मॅडम म्हणाल्या, अगं, त्यांच्या भल्यासाठीच आहे. आणि अर्चनाला फोन केला, एवढ्या नंबरांची नावं काढून द्या.

अर्चनाने यादी काढली. सगळ्यात वर होतं आनंदा गळवेचं नाव, सतरा वेळा आजारी. हा जतकडचा, म्हणजे तिच्याच मुलखाकडचा माणूस, चाळिशी उलटलेला, खोली नंबर नऊमधला सगळ्यात जुना. त्याचं कार्ड तिने स्वतः काढलं होतं, त्या युक्तीतलं अगदी पहिलं. यादी हातात घेऊन ती मॅडमच्या दारापर्यंत गेली आणि मिनिटभर उभी राहिली. मग तिने स्वतःला सांगितलं, तपासणीच तर आहे, झाली तर फायदाच होईल. यादी टेबलावर ठेवून ती परत आली.

तीन आठवडे गेले. प्रबंध सोमवारी पाठवायचा होता. आदल्या गुरुवारी सकाळी खिडकीत आनंदा उभा राहिला. रांग नव्हती. सकाळच्या वेळी कामगार येतच नाहीत, कामावर असतात.

"ताई, माझ्या कार्डावर काय लिवलंय ते सांगता का?"

"का, काय झालं?"

"कंपनीचा गेटपास मिळाला न्हाई मला. ठेकेदाराचा माणूस म्हणतो, तू आजारी माणूस हाईस, वर्षाला सतरा बारी आजारी पडतोस, कंपनीत पडलाबिडलास तर आमच्या गळ्यात. म्हटलं, मी एकदा आलतो दवाखान्यात, तेबी पावसाळ्यात. तो म्हणतो, कागद हाय. कसला कागद हाय, ताई?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर अर्चनाला बरं झालं असतं. तो नुसतं विचारत होता, कारण गावाकडची एक बाई खिडकीत बसते आणि तिला ठाऊक असणार असा त्याला भरवसा होता.

"आणखी कुणाकुणाचं झालं?" तिने विचारलं.

"आठ जणांचं. दोघं तर परवाच गावाला गेलं. काम न्हाई तर खोलीचं भाडं कोण भरणार?"

अर्चनाने त्याला बाकावर बसवलं. तीन वर्षं ती सपनाच्या नावाने जळत होती आणि भाजला कोण, तर हा माणूस. ती उठली, औषधांच्या खोलीत गेली, आणि जीपच्या पेटीत गोळ्या भरत असलेल्या सपनाला तिने सगळं सांगितलं. उभ्याउभ्या, न थांबता. खोलीचं कार्ड, रांग, सात वर्षं, आनंदा, गेटपास.

सपनाच्या हातातली गोळ्यांची पाकिटं तशीच राहिली. अर्चनाला वाटलं, आता रडेल किंवा ओरडेल. सोमवारी पाठवायचा, तीन वर्षांच्या अभ्यासाचा प्रबंध मातीत गेला होता.

"म्हणजे ती माणसं नाजूक नाय," सपना हळूच म्हणाली. "खोल्या आजारी पडतायत."

"हो."

"कुठल्या कार्डावर किती माणसं, ते कुठं लिवलंय?"

"कुठेच नाही. माझ्या डोक्यात आहे. आणि डॉक्टरांच्या कागदी नोंदींवर दर वेळचं वय आहे, त्यावरून माणूस वेगळा काढता येईल."

"मग बसू या, ताई," सपना म्हणाली.

आधी त्या दोघी विजया मॅडमकडे गेल्या. मॅडमनी कपाळाला हात लावला, मग अर्चनाला विचारलं, हे लेखी देणार का? ठेकेदाराला तोंडी सांगून तो ऐकायचा नाही. अर्चनाने तिथेच लेखी दिलं. सात वर्षं मी माझ्या अधिकारात एका कार्डावर अनेक पेशंट नोंदवले, यादीतली नावं आजारी माणसांची नाहीत, चूक माझी आहे. सही केली, तारीख घातली. एक प्रत ठेकेदाराला गेली. दुसरी सपनाने मागून घेतली, प्रबंधाला जोडायला. माहिती कशी वाकडी झाली याचा पुरावा म्हणून. आनंदाला दुसऱ्या आठवड्यात गेटपास मिळाला. गावी गेलेल्या दोघांचे फोन लागले नाहीत.

शुक्रवार, शनिवार, रविवार, तीन दिवस दोघी रेकॉर्डच्या खोलीत बसल्या. अर्चना कार्डाचा नंबर बघून खोली सांगायची, माणसं सांगायची, कागदी नोंद काढून वय जुळवायची. सपना भरत जायची. खोल्यांचा नकाशा उलगडायला लागला तसं एक निराळंच चित्र दिसू लागलं. आजारी पडणाऱ्या खोल्या एकमेकींना लागून होत्या, आणि त्या त्या ओळीतल्या खोल्या मिळून पाण्याचा एकच पिंप वापरत होत्या. पिंपातलं पाणी काढायला एकच डबा, तो दहा हातांतून फिरणारा. रोग माणसात नव्हता, पिंपाभोवती होता. सपनाने आलेख काढला आणि दोघी तो बघत राहिल्या. अर्चनाला आठवेना, इतकं छान याआधी कधी वाटलं होतं. भूक लागल्याचं कळत नव्हतं. कैलासचे चार फोन येऊन गेले होते. हेच तर तिला करायचं होतं, हेच, अकरा वर्षं.

रविवारी संध्याकाळी शेवटची अकरा कार्डं उरली. सपनाने पाठ ताणली, चहाचा कप अर्चनापुढे सरकवला आणि सहज, अगदी सहज विचारलं, "ताई, मी मसुदा वाचायला दिला तवा नाय आलं तुमच्या लक्षात?"

किती सोपं होतं. नाही गं, त्या दिवशी घाईत होते, आनंदा आला तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. सपना विश्वास ठेवायला तयारच बसली होती, प्रश्नातच तिने उत्तर काढून ठेवलं होतं. दोन शब्द बोलले की झालं असतं.

पण अर्चनाला ते दोन शब्द बोलवेनात. आता इथे प्रामाणिकपणाचं कौतुक करायला जाऊ नका. तिच्या मनात काय आलं ते सांगतो. लक्षात आलं नाही म्हणायचं, म्हणजे आपल्याला ते दिसलंच नव्हतं असं म्हणायचं. म्हणजे सपनाला दिसलं नाही, तिच्या गोऱ्या मास्तराला दिसलं नाही, तसंच आपल्यालाही दिसलं नाही. हे कसं कबूल करायचं? तिला तर दिसलं होतं. त्या सगळ्यांच्या आधी दिसलं होतं.

"आलं होतं," ती म्हणाली. "पहिल्याच पानावर. वाचताक्षणी." आणि तिच्या आवाजात चक्क ऐट होती.

ती तिची तिलाच ऐकू आली, पण बोलून झाल्यावर.

सपना तिच्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग येईल म्हणून अर्चना थांबली होती, तो आला नाही. आधी न समजल्यासारखं झालं, मग हळूहळू समजल्यासारखं. परीक्षेच्या आठवड्यातच शिबिर का आलं होतं, तेही तिला तेव्हाच समजलं असावं. तिने मान खाली घातली आणि कीबोर्ड जवळ ओढला.

"सपना, मी..."

"पुढचं कार्ड सांगा, मॅडम," सपना म्हणाली.

अर्चनाने कार्डाचा नंबर वाचला. मग खोली सांगितली, माणसं सांगितली, वयं सांगितली. सपनाने भरून घेतलं आणि म्हणाली, "धन्यवाद. पुढचं." ना "नाय", ना "हाय", सगळं शुद्ध, मुलाखतीत बोलतात तसं. अकरा कार्डं व्हायला पाऊण तास लागला. चहा तसाच निवला.

प्रबंधाला विशेष श्रेणी मिळाली. परीक्षकांचा अभिप्राय विजया मॅडमनी सगळ्यांना वाचून दाखवला. माहितीतला दोष ओळखून त्यातूनच खरं कारण शोधलं, हा या कामाचा सर्वांत मौल्यवान भाग आहे, असं त्यात होतं. टाळ्या झाल्या. अर्चनानेही वाजवल्या. तो दोष सगळ्यात आधी कुणी ओळखला होता हे त्या खोलीत दोघींनाच ठाऊक होतं, आणि ओळखून अर्चनाने तो महिनाभर दडवून ठेवला होता हेही दोघींनाच ठाऊक होतं. एक सांगायला जावं तर दुसरंही सांगावं लागलं असतं.

सपना अजून जीपवर आहे. भट्टीवरून पोरं काय घेऊन येतात ते ती आता शोधते आहे. खिडकीत माणशी एक कार्ड निघतं, अर्चनाच्या हाताखाली एक माणूसही दिलाय. दुपारी सपना डबा घेऊन येते, व्हरांड्यातल्या बाकावर झाडूवाल्या मैनाबाईशेजारी बसते, आणि आतून तिचं बोलणं ऐकू येतं, "खाऊन बघा मावशी, आईनं पाड्यावरनं धाडलंय, लई बेस हाय." अर्चना आपला डबा उघडते आणि ऐकत जेवते.